पढतमूर्खाची खूण

रायपूरला बुढापाऱ्यातल्या सप्रे शाळेवरून मी तीस वर्षं गेलो, पण सप्रे कोण हे निवृत्तीनंतर वाचलं. माधवराव सप्रे (१८७१–१९२६) मराठी घरातले. १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक त्यांनी काढलं. १९०८मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली, माफी लिहून देऊन सुटले, आणि ती बोच त्यांना रामदासी साधनेकडे घेऊन गेली. पुढे ‘दासबोध’ त्यांनी हिंदीत आणला, टिळकांचं ‘गीतारहस्य’ही.

मग मीही दासबोध उघडला. वीस दशक, दोनशे समास, रोज एक. दुसऱ्या दशकाच्या आरंभीच मूर्खलक्षणं आली, आणि काय सांगू, मजाच मजा! पेन्सिलीनं समासात खुणा करत गेलो: हे आमचे व्याही, हे शेजारचे, हे चिरंजीव. जेवताना सुनेला एकेक लक्षण समजावू लागलो. ती बिचारी ‘हो बाबा’ म्हणत पोळ्या लाटायची.

त्याच दशकाच्या दहाव्या समासात पढतमूर्ख भेटतो. पुष्कळ वाचलेला, लोकांना ज्ञान सांगणारा, स्वतः मात्र कोरडा. माझ्या पुस्तकाचं ते पान अगदी स्वच्छ होतं. आमच्या हिनं चष्मा लावून पाहिलं.

“अहो, इथं कुणाचंच नाव नाही?”

हल्ली समास संपला की मी ओट्याशी जातो. परवा पोळ्या भाजल्या, दोन करपल्या.

“बाबा,” सून म्हणाली, “हे लक्षण कुठल्या समासात?”