मालवणचा समुद्र आणि पोहता न येणारी माणसे

रात्रीच्या रेल्वेने मुंबईहून निघायचे, सकाळी कुडाळला उतरून एस.टी.ने मालवण गाठायचे आणि रात्री परतीची गाडी धरायची. अशी एका दिवसाची सहल आता चाळीतल्या कुटुंबालाही जमू लागली आहे. समुद्र काही कुणाच्या सातबाऱ्यावर नाही, तेव्हा आपल्या माणसांनीही तो मनसोक्त पाहावा. फक्त डोळे उघडे ठेवून पाहावा.

सकाळ सिंधुदुर्ग किल्ल्याला द्यावी. मालवणच्या धक्क्यावरून होड्या सुटतात. कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली या किल्ल्याची पायाभरणी केली. चहूबाजूंनी खारे पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी! तटावर फोटो काढणारे पुष्कळ असतात, या विहिरींपाशी थांबणारे थोडे.

किल्ल्याच्या आसपासच स्नॉर्केलिंग आणि स्कूबा चालते. स्नॉर्केलिंगमध्ये तोंडात नळी धरून पाण्यावर पालथे तरंगायचे आणि खालचे प्रवाळ, रंगीत मासे पाहायचे. स्कूबात पाठीवर हवेची टाकी असते आणि प्रशिक्षक आपल्याला धरून काही मीटर खाली नेतो. कानावर दाब आला की नाक दाबून हळूच फुंकर मारायची, हे तो आधी शिकवतो. घाईत शिकवत असेल तर पुन्हा विचारावे. पैसे आपण मोजलेले असतात, लाजायचे कशाला? दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी मात्र या फंदात पडू नये.

आता मुख्य मुद्दा. पाण्यात उतरणाऱ्या या गर्दीतल्या कितीजणांना पोहता येते? खेड्यातला मुलगा पोहायला शिकतो तो गावच्या विहिरीत, तळ्यात. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या विहिरीच्या काठालाही उभे राहू दिले नाही, त्यांची मुले पोहायला शिकणार कुठे? १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर पाणी पिण्याच्या हक्कासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. तिथे पोहण्याची गोष्टच सोडा! पुढे शहरात आलो तर तरणतलावाची फी आडवी आली. म्हणून आपल्या माणसाने लाईफ जॅकेटच्या बाबतीत कुणाची भीड बाळगू नये. पट्टे तुटलेले जॅकेट दिले तर बोटीत चढू नये. जॅकेट मांडीवर ठेवून बसू नये. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचे प्राण गेले. बोटीत माणसे जास्त झाली असे वाटले तर खुशाल उतरावे, पुढची बोट येतेच.

दुसरी गोष्ट प्रवाळांची. मालवणचा २९.१२ चौरस किलोमीटरचा सागरी भाग १९८७ पासून अभयारण्य आहे. प्रवाळ हा जिवंत प्राणी आहे, दगड नव्हे. त्यावर पाय टेकवला की तो मोडतो, आणि वाढतो अत्यंत सावकाश.

दुपारी जेवून दांडीच्या किंवा तारकर्लीच्या किनाऱ्यावर जावे. पॅरासेलिंग, जेट स्की यांचे दर आधी ठरवून घ्यावेत, एवढेच त्याबद्दल सांगण्यासारखे आहे. नशीब असेल तर रापण ओढताना दिसेल. होडीतून अर्धवर्तुळात जाळे सोडतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसे ओढतात आणि मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. ही सामुदायिक मासेमारी यांत्रिक पर्ससीन जाळ्यांपुढे कशीबशी तग धरून आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले, पण तंटा मिटलेला नाही. तेव्हा रात्रीचे जेवण मोठ्या रिसॉर्टमध्ये न घेता एखाद्या मच्छीमाराच्या घरगुती खानावळीत घ्यावे. पैसा त्या चुलीपर्यंत पोहोचतो.

मेअखेर ते ऑगस्टअखेर हे जलक्रीडा प्रकार बंद असतात. त्या दिवसांत कुणी गुपचूप होडी काढून देतो म्हणाला तरी जाऊ नये. बाकीच्या महिन्यांतही भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कालची वेळ आज चालत नाही. धक्क्यावरच्या एखाद्या म्हाताऱ्या मच्छीमाराला "काका, आज सुकती कधी?" एवढे विचारावे आणि मगच पाण्यात पाय घालावा.