दोन दातांमधली जागा

जुन्या घरांतून फणेरपेटी असे. झाकणाच्या आत आरसा, खाली खण. एका खणात कुंकवाचा करंडा, दुसऱ्यात मेणाची डबी आणि लांबट खणात फणी. केस विंचरून झाले की कपाळाला मेणाचं बोट लावायचं आणि त्यावर कुंकू रेखायचं. पेट्या माळ्यावर गेल्या, तरी फणी देवापुढे टिकून राहिली. ठाण्यात जांभळी नाक्यावर हरतालिकेचं सामान घ्यायला गेलं की काळे मणी, बांगड्या आणि इवल्या आरशाबरोबर फणी येतेच. ती कुणाच्या केसांतून फिरत नाही. सौभाग्याचं वाण म्हणून तिचा मान आहे.

रोजच्या वापरातली लाकडी फणी मात्र कष्टाची. तिला दोन्ही बाजूंनी दात, एकीकडे विरळ, दुसरीकडे दाट. विरळ बाजूने गुंता काढायचा, दाट बाजूने उवा आणि लिखा. ही दुहेरी रचना किती जुनी असावी? इस्राएलमधल्या लाखीश इथे २०१६ साली उत्खननात हस्तिदंताची एक चिमुकली फणी सापडली. लांबी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. एका बाजूला सहा जाड दात, दुसऱ्या बाजूला चौदा बारीक. दात केव्हाच मोडले होते, बुडखे तेवढे उरले होते. तिच्यावर कनानी लिपीत कोरलेली अक्षरं २०२२ साली वाचून प्रसिद्ध झाली. या दाताने केसांतल्या आणि दाढीतल्या उवा निघोत, अशी त्यात इच्छा आहे. अभ्यासक तिचा काळ इसवीसनपूर्व १७०० च्या सुमाराचा मानतात. वर्णमालेत लिहिलेलं, सापडलेल्यांतलं सर्वांत जुनं पूर्ण वाक्य हेच. राजाची आज्ञा नव्हे, देवाचं स्तोत्र नव्हे, उवांचा वैताग! मला या वाक्याविषयी फार माया वाटते. मांडीवर नातीचं डोकं घेऊन दारात बसलेल्या आपल्याकडच्या आजीलाही ते लगेच कळलं असतं.

मोठी ऊ दोन-तीन मिलिमीटर लांब असते. लीख एक मिलिमीटरही भरत नाही आणि केसाला चिकटून बसते. कंगव्याच्या दातांमधून दोन्ही सुखरूप सुटतात, फणीच्या दाट बाजूत अडकतात. दात दोन्हीकडे सारखेच कडक असतात. फरक आहे तो दोन दातांमधल्या फटीचा. फणी नावाच्या, किंवा फणीसारख्या घडलेल्या, ज्या ज्या वस्तू मी पाहत गेलो, त्या बहुतेकींत ही फटच कर्ती ठरली.

ठाण्यातल्या कोलशेतहून उल्हासच्या खाडीपलीकडे पाहिलं की भिवंडी तालुका दिसतो. भिवंडीच्या यंत्रमागांवर जी फणी असते तिला कारखान्यात रीड म्हणतात. चौकटीत उभ्या बसवलेल्या पोलादी पात्या, आणि त्यांच्यामधल्या फटींना म्हणायचं घरं. ताण्याचे उभे धागे या घरांतून ओवून घेतलेले असतात. रीड साठ, म्हणजे दोन इंचांत साठ घरं. प्रत्येक घरात दोन धागे धरले की इंचाला साठ धागे झाले. कापड जाळीदार निघणार की घट्ट, याचा निम्मा निकाल इथेच लागतो. उरलेला निम्मा पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या संख्येवर. धोटा एकदा आरपार गेला की हीच फणी पुढे येऊन आडवा धागा ठोकून बसवते. माग चालू असतो तेव्हा कानांवर आदळणाऱ्या आवाजात हा ठोकाही असतो. एखादी पाती वाकली, तर फट रुंदावते आणि कापडावर उभी रेघ उमटते. पाती सरळ होईपर्यंत किंवा बदलेपर्यंत ती पुढच्या प्रत्येक वारावर येत राहते.

घाटावर हीच गोष्ट मातीत घडते. आमच्या ठाणे जिल्ह्यात भाताची लावणी, त्यामुळे तिफण इथे फारशी ओळखीची नाही. देशावर आणि मराठवाड्यात तिच्यावाचून पेरणी नव्हती. आडव्या दिंडाला तीन फण, त्यांच्यामागे नळे, वर चाडं. चाड्यावर मूठ धरणारी बहुधा घरची बाई. तिच्या मुठीतून दाणे नेमके सुटले तरच तिन्ही ओळी सारख्या भरतात. मुठीचं कसब सगळ्यांना दिसतं, फणांमधल्या अंतराचं सहसा लक्षात येत नाही. रब्बी ज्वारीला दोन ओळींत ४५ सेंटिमीटर ठेवतात. पीक उगवून आल्यावर त्या मोकळ्या पट्ट्यातून कोळपं फिरतं, तण निघतं, वरचा थर भुसभुशीत होतो आणि ओल टिकते. म्हणजे कोळप्याची वाट पेरणीच्या दिवशीच आखून ठेवलेली असते.

केळ्याच्या घडाची फणी या हिशेबात बसत नाही. तिला ते नाव दिसण्यावरून मिळालं असावं. तरी बागाईतदार घड निसवल्यावर खालच्या काही फण्या काढून टाकतात, वरच्या नीट भराव्यात म्हणून.

फणेरपेटीतल्या मेणाकडेही पाहायला हवं. ते पोळ्यातून येतं. झाडाला उघड्यावर लटकणारं आग्यामोहोळ एकाच पोळ्याचं असतं. ढोलीत राहणारी सातेरी मात्र समांतर पोळी बांधते, एकाशेजारी एक, मधे अंतर राखून. फिलाडेल्फियातल्या लँगस्ट्रॉथ या पाद्र्याने १८५१ साली युरोपीय मधमाश्यांच्या पेट्या पाहताना हे अंतर हेरलं. सुमारे तीन अष्टमांश इंच जागा सोडली तर माश्या ती ये-जा करायला मोकळी ठेवतात. कमी असली तर डिंकासारख्या रोगणाने बुजवतात, जास्त असली तर तिथे नवं पोळं बांधतात. एवढ्या निरीक्षणावर सुट्या चौकटींची पेटी उभी राहिली आणि एकेक पोळं न मोडता बाहेर काढता येऊ लागलं. २०२२ साली महाबळेश्वरजवळचं मांघर देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. तिथल्या पेट्यांतही तेच तत्त्व आहे.

आणि खाडीवरचे पक्षी! बगळ्याच्या मधल्या बोटाच्या नखाला आतल्या कडेने दाते असतात. चोच स्वतःच्या डोक्यापर्यंत आणि मानेपर्यंत पोचत नाही, तिथे तो या नखाने पिसं विंचरतो. त्याच्या छातीवरच्या काही पिसांचा सतत भुगा होत असतो. माशांचा, वामीचा बुळबुळीतपणा तो भुगा शोषून घेतो आणि मग नखाने झाडून टाकता येतो. आरसा तेवढा नाही, बाकी फणेरपेटी त्याच्या अंगावरच आहे. येऊरच्या जंगलातल्या रातव्यालाही असंच दातेरी नख असतं.

दक्षिणेला ठाणे खाडीत हिवाळ्यात येणारे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, चोचीतच चाळणी घेऊन फिरतात. चोचीच्या कडांना आतून पातळ पट्ट्यांच्या रांगा असतात. डोकं उलटं करून पाण्यात बुडवायचं, जिभेने पाणी आत-बाहेर करायचं, पट्ट्यांत अडकेल ते खायचं. मोठ्या रोहिताच्या पट्ट्या विरळ, त्यात कोळंबीवर्गातले जीव, शिंपल्यांची पिल्लं, अळ्या अडकतात. लहान रोहिताच्या इतक्या दाट, की सूक्ष्म शेवाळसुद्धा गाळून निघतं. दोघं एकाच चिखलात चरतात, पण पानं वेगळी वाढलेली. या खाडीला २०१५ साली रोहितांचं अभयारण्य म्हणून आणि २०२२ साली रामसर स्थळ म्हणून दर्जा मिळाला.

कोलशेतचा काठ अभयारण्यात नाही, पण तिवरं इथेही आहेत. तिवराच्या मुळांपासून बोटाएवढे श्वासकोंब चिखलातून सरळ वर येतात, शेकडोंनी. त्यांच्या सालीवरच्या छिद्रांतून मुळांना हवा मिळते. भरतीचं पाणी या कोंबांमधून शिरताना मंदावतं, गाळ खाली बसतो, निवट्या आणि खेकडे तिथेच बिळं करतात. मासळीची पिल्लं याच आडोशाला वाढतात, हे इथल्या कोळ्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी राज्यभर कांदळवन तोडायला मनाई केली आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात ती कायम केली. तरी ठाण्याच्या खाडीकाठी रात्री राडारोड्याचे डंपर रिकामे होतात. झाडाला कुऱ्हाड लावावीच लागत नाही. श्वासकोंबांमधली जागा भरली आणि कोंब गाडले गेले की मुळं गुदमरतात आणि काही महिन्यांत वरचा पाला वाळतो. दिसायला झाड आपणहून मेलेलं, म्हणून गुन्हा सिद्ध करणंही अवघड. राडारोड्याखेरीज नाल्यांतून वाहत येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या असतात. त्या भरतीबरोबर आत शिरतात आणि ओहोटीला कोंबांना गुंडाळून मागे राहतात. त्या काढायला यंत्र नेता येत नाही, कारण कोंब मोडतात. गुडघाभर चिखलात उतरून, एकेका कोंबावरून पिशवी हातानेच सोडवावी लागते आणि पुढच्या उधाणाच्या भरतीनंतर पुन्हा उतरावं लागतं.