पाठमोरा

मावल्याच्या तलावावर मी लहानपणापासून ज्या होड्या पाहिल्या, त्यांत माणूस जायचं तिकडे तोंड करून बसतो. आदिलाबादचा मराठी माणूस पाण्याचा नव्हेच. आमचं पाणी विहिरीचं, फार तर पैनगंगेचं. म्हणून ऑगस्ट 2016 मध्ये टीव्हीवर रिओच्या पाण्यात एकटाच होडी वल्हवणारा दत्तू बबन भोकनळ दिसला, तेव्हा पहिला प्रश्न पडला तो अगदी अडाणी: हा उलटा का बसलाय? त्या प्रश्नापासून माझी कात्रणांची वही सुरू झाली. दहा वर्षं होत आली, वही अजून मिटलेली नाही.

आपली वर्तमानपत्रं शिडाच्या होडीपासून कयाकपर्यंत सगळ्याला ‘नौकानयन’ म्हणतात आणि मोकळी होतात. पण कयाकमधला शर्यतवीर पुढे तोंड करून बसतो. त्याचं दोन पात्यांचं वल्हं होडीला कुठेही जोडलेलं नसतं, आणि शेवटची रेषा त्याला सतत दिसत असते. रोइंगमधला एकेरीचा गडी, म्हणजे सिंगल स्कलवाला, पाठमोरा. दोन हातांत दोन वल्ही, बुडाखाली सरकतं आसन, आठ मीटरच्या आसपास लांबीची आणि किमान 14 किलो वजनाची सुरीसारखी अरुंद होडी, आणि अंतर 2000 मीटर. या बैठकीचा एक परिणाम ध्यानात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे: जो सर्वांत पुढे असतो, त्यालाच सगळे प्रतिस्पर्धी दिसतात. जो मागे पडतो, त्याला कुणीच दिसत नाही. दिसते फक्त मागून येणारी पंचांची मोटरबोट.

दत्तूची सुरुवातीची कहाणी बहुतेकांना पाठ आहे, म्हणून भराभर सांगतो. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे गाव. पाऊस रुसला की टँकरकडे डोळे लावणारा मुलूख. वडिलांबरोबर विहिरी खणण्याचं काम. 2011 मध्ये वडील गेले. 2012 मध्ये पोरगा लष्करात भरती झाला आणि पुण्यात खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये आला. उंची सहा फुटांच्या बरीच वर. प्रशिक्षक कुद्रत अली यांची नजर त्यावर गेली आणि पाण्याची भीती वाटणाऱ्या गड्याला त्यांनी होडीत बसवलं. पुण्याला वल्ह्यांचं कौतुक नवं नाही. इंजिनीअरिंग कॉलेजच्या मुलांचा मुळेवरचा रेगाटा पिढ्यान्‌पिढ्या गाजतोय. पण आंतरराष्ट्रीय पदकं आली ती त्या हौसेतून नव्हे, तर पहाटे शिट्टीवर उठणाऱ्या लष्कराच्या रोइंग केंद्रातून. हे आपल्या क्रीडासंस्कृतीबद्दल बरंच काही सांगतं, आणि ते फारसं कौतुकाचं नाही.

विहीर आणि होडी यांचं नातं जुळवण्याचा मोह प्रत्येक पत्रकाराला झाला: दुष्काळातला मुलगा पाण्यात उतरला वगैरे. मला त्यापेक्षा कामाची रीत महत्त्वाची वाटते. माझे एक मामा विहिरींच्या कामावर जायचे. दोराने मुरमाची पाटी वर ओढताना ते आम्हा पोरांना सांगायचे, हाताने ओढाल तर दुपारपर्यंतच टिकाल. आधी पाय रोवायचे, मग पाठ मागे न्यायची, हात शेवटी. रोइंगच्या एका फटक्याचा क्रमही हाच आहे: पाय, पाठ, हात. वल्हं पाण्यात रुतलं की गडी पायांनी फळी रेटतो, आसन मागे सरकतं, पाठ उलगडते आणि हात छातीशी येतात तेव्हा मुख्य काम उरकलेलं असतं. दोन हजार मीटरमध्ये असे दोनशेच्या वर फटके.

2015 मध्ये आशियाई स्पर्धेत रौप्य. 2016 मध्ये दक्षिण कोरियातल्या चुंगजू इथल्या पात्रता स्पर्धेतून ऑलिंपिकचं तिकीट. रिओत रोइंगमध्ये भारताचा तो एकटाच. घरी आई अपघातानंतर स्मृती हरवून बसलेली. पहिल्या दिवशी शर्यतींचं सरोवर खवळलेलं होतं. दत्तूने प्राथमिक शर्यतीत 7:21.67 वेळ देऊन तिसरा क्रमांक घेतला. दुसऱ्या दिवशी तर वाऱ्यामुळे सगळ्या शर्यतीच रद्द झाल्या. उपांत्यपूर्व फेरीत तो 6:59.89 मध्ये चौथा आला आणि पदकाची वाट बंद झाली. पण क्रमांक ठरवणारी ‘सी’ गटाची अंतिम शर्यत त्याने 6:54.96 मध्ये जिंकली. एकूण क्रमांक 13वा. त्या दिवशी शेवटच्या मीटरपर्यंत बाकीचे पाचही जण त्याच्या नजरेसमोर होते.

आता माझ्या वहीचं सर्वांत जाड पान: पालेमबांग, इंडोनेशिया, ऑगस्ट 2018. आशियाई खेळांत दत्तू दोन प्रकारांत उतरला होता, एकेरीत आणि चौघांच्या क्वाड्रुपल स्कल्समध्ये. 23 ऑगस्टला एकेरीची अंतिम शर्यत झाली. दत्तू शेवटचा, सहावा. भारताच्या रोइंग पथकाला त्या दिवशी एकही पदक नाही. 24 ऑगस्टला, म्हणजे एका रात्रीनंतर, त्याच पाण्यात स्वर्ण सिंग, ओम प्रकाश, सुखमीत सिंग आणि दत्तू यांनी 6:17.13 मध्ये सुवर्ण जिंकलं. इंडोनेशिया 6:20.58, थायलंड 6:22.41. मी दोन्ही दिवसांची कात्रणं शेजारी शेजारी चिकटवली आहेत. एका पानावर शेवटचा, दुसऱ्यावर पहिला, माणूस एकच.

सात महिन्यांनी, मार्च 2019 मध्ये, भारतीय रोइंग महासंघाने त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. आरोप बेशिस्तीचा: एकेरीच्या अंतिम शर्यतीत तो जाणूनबुजून थांबला. दत्तूचं म्हणणं वेगळं होतं: प्रकृती बरी नव्हती, होडीतून पडलो, म्हणून शर्यत नीट पुरी झाली नाही.

दोन्ही बाजू प्रामाणिकपणे मांडून पाहू. महासंघाच्या बाजूने बोलायचं तर देशाचा गणवेश अंगावर असताना शर्यत अर्ध्यात सोडणं खपवून घेतलं, तर उद्या प्रत्येकजण आपल्या सोयीची शर्यत निवडेल. आणि दुसऱ्या दिवशी सुवर्ण जिंकण्याइतकी ताकद होती, तर आदल्या दिवशी ती कुठे गेली, हा प्रश्नही रास्त आहे. पण तोच पुरावा उलटा धरा. खरंच आजारी असलेला माणूस रात्रीतून सावरला आणि तीन सोबत्यांच्या भरवशावर दोन हजार मीटर ओढून गेला, असंही त्यातून निघतंच. एकाला दोन प्रकारांत उतरवायचं गणित संघाचं. ते चुकलं की शिक्षा मात्र वल्हवणाऱ्याला.

माझा आक्षेप शिक्षेला कमी आणि वेळेला जास्त आहे. अशा आरोपात सर्वांत जवळचा साक्षीदार असतो मागच्या मोटरबोटीतला पंच. शेवटच्या गड्याचं तोंड त्याच्याकडेच असतं. पाण्यावर काय घडलं, त्याचा निवाडा पाण्याजवळ, त्याच आठवड्यात व्हायला हवा. सात महिन्यांनी दिलेला निकाल शिस्तीपेक्षा रागाच्या जवळ जातो. जानेवारी 2020 मध्ये, लष्कराकडून विनंती आल्यावर, महासंघाने बंदी उठवली. म्हणजे दोन वर्षांपैकी जेमतेम दहा महिने भोगून झाले होते. गुन्हा एवढा गंभीर होता तर सूट का, आणि नव्हता तर दोन वर्षं कशासाठी? याच दहा महिन्यांत ऑस्ट्रियातल्या लिंझची जागतिक स्पर्धा होऊन गेली, टोकियो ऑलिंपिकच्या तयारीचं मोलाचं वर्ष संपलं.

मग आला 2020 चा ऑगस्ट. अर्जुन पुरस्कारांच्या यादीत खो-खोची सारिका काळे, कुस्तीतला राहुल आवारे, पॅरा जलतरणपटू सुयश जाधव यांच्याबरोबर दत्तू बबन भोकनळ हेही नाव होतं. बंदी उठून सात महिनेच झाले होते. आपल्याकडे शिक्षेला आणि सन्मानाला एकमेकांची ओळख नसते, ती अशी.

टोकियोला दत्तू गेला नाही. त्या ऑलिंपिकमध्ये पुरुष एकेरीत एकही भारतीय नव्हता. अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग यांनी हलक्या वजनाच्या दुहेरीत 11वा क्रमांक मिळवला. एकेरीचे आकडे मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले आहेत. बीजिंग 2008, बजरंगलाल ताखर, 21वा. लंडन 2012, स्वर्ण सिंग, 16वा. रिओ 2016, दत्तू भोकनळ, 13वा. टोकियो, कुणी नाही. पॅरिस 2024, बलराज पंवार, 23वा. तळेगाव रोहीच्या विहीर खणणाऱ्याच्या पुढे, ऑलिंपिकच्या एकेरीत, अजून एकही भारतीय गेलेला नाही.