काळा कोट, पांढरा गणवेश आणि मिरचीची पूड

छत्तीसगडातल्या जुनवानीकडच्या माणसाची पेशी दुर्गला आणि अपील बिलासपूरला. 1956 पर्यंत मात्र इथलं हायकोर्ट नागपूरचं होतं. त्यामुळेच की काय, कोर्टातल्या बंदोबस्ताचा विषय निघाला की इकडच्या मराठी मंडळींना आधी नागपूरच आठवतं.

13 ऑगस्ट 2004. अक्कू यादवला जिल्हा न्यायालयात हजर करायचं होतं. कस्तुरबानगरला वर्षानुवर्षं छळणारा हा गुंड जामिनावर सुटणार, अशी वस्तीत कुणकुण होती. काही दिवस आधी लोकांनी त्याचं घरही फोडलं होतं, म्हणजे राग काही लपून नव्हता. तरीही बायकांचा लोंढा थेट सात नंबरच्या कोर्टात शिरला. कुणाकडे सुरी, कुणाच्या मुठीत मिरचीची पूड. पूड उधळली गेली, ती पोलिसांच्याही डोळ्यांत गेली, आणि आरोपी कोर्टातच मारला गेला. पुढे त्याच्या खुनातले आरोपी पुराव्याअभावी सुटले. न्याय झाला की अन्याय, हा वाद अजून शमलेला नाही. बंदोबस्तवाल्यांचं दुखणं वेगळं. बाईची झडती घ्यायची तर महिला शिपाई हवी, आडोसा हवा. दोन्ही नसलं की हवालदार मान वळवतो आणि म्हणतो, ‘चला, चला, पुढे चला.’ साडीतल्या गर्दीकडे संशयानं बघायची सवयच नसते.

गणवेशाकडे तर त्याहून नसते. सप्टेंबर 1983, मुंबई. पठाण टोळीच्या अमीरजादाला सेशन्स कोर्टात डेव्हिड परदेशीनं गोळ्या घातल्या. पोलीस अधिकारी इसाक बागवान यांनी तिथल्या तिथे गोळी झाडून त्याला जखमी केलं आणि पकडलं. ही सुपारी गुंड बडा राजनची, म्हणून त्यालाही अटक झाली. आता बदला घेतला जाणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. त्याच महिन्यात किल्ला कोर्टाबाहेर, पोलिसांच्या पहाऱ्यात असतानाच, त्याला टिपलं गेलं. मारेकरी चंद्रशेखर सफालिका आला होता नौदलाच्या पांढऱ्याशुभ्र गणवेशात. त्याला कोण हटकणार? समोरून अशी टोपी आली की शिपायाचा हात झडतीऐवजी सलामाला उठतो.

दिल्लीत रोहिणी कोर्टात 24 सप्टेंबर 2021 रोजी गणवेशाची जागा काळ्या कोटानं घेतली. वकिलांच्या वेशातल्या दोघांनी भर कोर्टात गुंड जितेंद्र गोगीला ठार केलं. पोलिसांनी त्या दोघांनाही तिथेच टिपलं. वकीलसाहेबांची बॅग उघडायला सांगणं कुठल्याही कोर्टात सोपं नाही. रोजचे संबंध असतात, आणि ‘मला ओळखत नाहीस?’ या प्रश्नापुढे मेटल डिटेक्टरची टीटी ऐकू येत नाही. पिशव्या उपसल्या जातात त्या खेड्यातून तारखेला आलेल्या पक्षकाराच्या. डब्यातली भाकरीसुद्धा.

आणि तपासणीआधी त्याला जिथे ताटकळत ठेवतात ती रांग? 7 सप्टेंबर 2011 रोजी दिल्ली हायकोर्टाच्या पाच नंबरच्या फाटकाशी ब्रीफकेसमधला बॉम्ब फुटला, तो पास काढायला उभ्या असलेल्या गर्दीत. झडतीची वेळ येते पास मिळाल्यावर, त्यामुळे ब्रीफकेस ठेवणाऱ्याला आत जायची गरजच पडली नाही. दहाहून जास्त माणसं गेली, त्यांतली कितीतरी नुसती तारखेला आलेली. त्याच कोर्टाबाहेर त्याच वर्षी 25 मे रोजी एक छोटा स्फोट होऊन गेला होता. तरी सप्टेंबरात त्या फाटकावर कॅमेरा नव्हता.