बुडालेल्या तासाची किंमत

वर्धा जिल्ह्यात आर्वी तालुक्यातल्या रोहण्याच्या शिवारात कापसाची बोंडं फुटली की वेचणीला हात कमी पडतात. अशा दिवसांत शाळकरी पोरांचे खाडे पडले, तर तास बुडतात आणि ते भरून काढायला जादा वर्ग घ्यावे लागतात. समजा, या जादा तासाला थोडी फी लावली. पोरं खाडे कमी करतील?

करतील, असं सहज वाटतं. पण पैसा मधे आला की माणसाचं मन फार अजब वागतं.

इस्रायलमधल्या हैफा शहरात उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी या अर्थतज्ज्ञांनी १० पाळणाघरांचा अभ्यास केला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना त्यांतल्या ६ ठिकाणी १० शेकेल दंड लावला. उशीर घटायचा सोडून जवळजवळ दुप्पट झाला! आधी ताटकळलेल्या ताईंपुढे ओशाळल्यासारखं व्हायचं. आता दंड भरला की हिशेब मिटला. त्याहून थक्क करणारं पुढेच आहे. दंड उठवला, तरी उशीर पूर्वीइतका खाली आलाच नाही. एकदा गेलेली भीड परतली नाही.

रोहण्यात काय घडेल, ते यावरून डोळ्यांपुढे येतं. शाळा सुटल्यावर गुरुजी थांबतात, फळ्यावर पुन्हा दोन अपूर्णांक मांडतात, छेद सारखे करायची पायरी तिसऱ्यांदा समजावतात. समोरच्या पोराला कळतं, हे माझ्यासाठी चाललंय. तिथं वीस रुपये ठेवले की तो तास विकत घेतलेला होतो, आणि विकत मिळतं ते बुडवायला भीती कसली? ज्याच्या घरी वीस रुपये नाहीत, तो तर जादा तासाला येणारच नाही. नेमका तोच वेचणीला गेलेला असतो.

मोजलेले पैसे माणसाला खेचून आणतात, हेही खरं आहे. अमेरिकेत १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, नाटकांच्या हंगामी तिकिटाला पूर्ण किंमत मोजणारे सवलतवाल्यांपेक्षा जास्त नाटकांना आले. पण हा फरक हंगामाच्या पहिल्या अर्ध्यातच दिसला.

मग दंड लावणाऱ्या कोल्हापूर संस्थानाचं काय? शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला. तेव्हाच्या मजुराला रुपया म्हणजे काही दिवसांची कमाई. तो दंड चांगलाच झोंबणारा होता, शिवाय शाळेचं दार फुकट उघडं होतं. जादा तासाच्या किरकोळ फीला ना ती धार, ना ते औदार्य.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते वर्ध्यातच मांडलं गेलेलं उत्तर. ऑक्टोबर १९३७ मध्ये इथं भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींची नई तालीम आकाराला आली: सात वर्षं मोफत, मातृभाषेतून, हस्तव्यवसायाभोवती गुंफलेलं शिक्षण, आणि मुलांच्या कामातून हळूहळू शिक्षकाचा पगार निघावा ही अपेक्षा. पगाराचा भाग मुलांवर ओझं ठरू शकतो, तो सोडून देऊ. पण मूल काहीतरी देतं आणि ते पैशात नसतं, ही कल्पना केवढी सुंदर आहे! जादा तासाला अशी फी आजही घेता येईल: बुडालेला धडा समजला की तो खालच्या वर्गातल्या एकाला शिकवायचा. छेद सारखे का करायचे, हे दुसऱ्याला सांगताना शिकवणारं मूल स्वतः पक्कं होईल, आणि पुढच्या खाड्याला त्याची वाट पाहणारं कुणीतरी वर्गात असेल.