मनाच्या उपचारात माणसाचे स्थान

भोपाळमधील बाग सेवनिया या वस्तीपासून एम्स रुग्णालय आणि बरकतउल्ला विद्यापीठ ही दोन्ही जवळ आहेत. समजा, अशा वस्तीत भाड्याच्या खोलीवर राहणारा एक विद्यार्थी स्पर्धा परीक्षेत दुसऱ्यांदा अपयशी ठरला आहे. त्याला झोप लागत नाही, मित्रांचे फोन तो घेत नाही आणि आपण निरुपयोगी आहोत ही भावना त्याची पाठ सोडत नाही. त्याला मदत कशी करावी, याचे उत्तर मानसशास्त्रातील प्रत्येक विचारधारा वेगळे देते. कारण, माणूस म्हणजे काय याविषयीच्या त्यांच्या कल्पनाच भिन्न आहेत.

सिग्मंड फ्रॉईड यांचे मनोविश्लेषण या दुःखाचे मूळ बालपणीच्या दडपलेल्या संघर्षांत शोधेल. जॉन वॉटसन यांनी १९१३ मध्ये मांडलेला आणि पुढे बी. एफ. स्किनर यांनी विस्तारलेला वर्तनवाद अंतर्मनाच्या वाटेला न जाता वागणुकीकडे पाहील. तो खोलीबाहेर पडत नाही, त्यामुळे आनंद देणारे अनुभव त्याच्या वाट्याला येत नाहीत आणि उदासी आणखी गडद होते, असे हा विचार सांगेल. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विकसित केलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती ‘मी नापास झालो, म्हणजे माझे आयुष्यच संपले’ या समजुतीलाच आव्हान देईल. महाराष्ट्रात ही पद्धती रुजवण्यात किशोर फडके यांचा वाटा मोठा आहे. जैविक दृष्टिकोन मेंदूतील प्रक्रियांचा विचार करून गरजेनुसार औषध सुचवेल.

मानवतावादी दृष्टिकोनाची सुरुवात मात्र दोषाच्या शोधापासून होत नाही. अब्राहम मास्लो आणि कार्ल रॉजर्स हे त्याचे प्रमुख प्रवर्तक. मनोविश्लेषण आणि वर्तनवाद यांना पर्याय म्हणून पुढे आल्यामुळे त्याला ‘तिसरी शक्ती’ असे म्हटले गेले. प्रत्येक माणसात विकसित होण्याची उपजत ओढ असते आणि अनुकूल वातावरण मिळाले की ती पुन्हा जागी होते, ही त्याची मूळ श्रद्धा. असे वातावरण घडवणाऱ्या तीन गुणांवर रॉजर्स यांचा भर होता : समुपदेशकाचा सच्चेपणा, समोरच्या व्यक्तीचा विनाअट स्वीकार आणि तिचे जग तिच्या नजरेतून समजून घेणारी समानुभूती. येथे समुपदेशक सल्ला देत नाही, तो ऐकतो.

या विचारावर आक्षेपही घेतले गेले. ‘स्वत्वाचा विकास’ ही संकल्पना मोजायची कशी, असे टीकाकार विचारतात. तीव्र आजारात केवळ ऐकून घेणे पुरेसे नसते, हेही खरे. रॉजर्स आणि स्किनर यांनी माणसाचे स्वातंत्र्य आणि वर्तनाचे नियंत्रण या विषयावर केलेला वाद १९५६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तो आजही अभ्यासला जातो.

प्रत्यक्ष उपचारात मात्र या विचारधारा एकमेकींच्या हातात हात घालून चालू शकतात. याचे उदाहरण गोव्यातच आहे. १९९६ मध्ये येथे स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने राज्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांसाठी एक उपक्रम राबवला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना समुपदेशक म्हणून तयार करण्यात आले. रुग्णाला छोट्या, अर्थपूर्ण कृतींकडे पुन्हा वळवणे हे तंत्र वर्तनवादी परंपरेतले. पण प्रशिक्षणात रुग्णाशी विश्वासाचे नाते जोडण्यालाही स्वतंत्र स्थान होते. २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार, तीन महिन्यांनंतर या गटातील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून सावरले होते, ज्यांना हे समुपदेशन मिळाले नव्हते, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होते.

हाच गोव्यातील उपक्रम पुढे भोपाळलगतच्या सिहोर जिल्ह्यात पोहोचला. तेथे आशा कार्यकर्त्यांना त्याचे प्रशिक्षण देण्यात आले. बाग सेवनियातील विद्यार्थ्याला मोठे रुग्णालय जवळ असते. खेड्यातील शेतकऱ्याला किंवा गृहिणीला ते दूर पडते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) देशातील निरनिराळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित राहतात. ही दरी केवळ तज्ज्ञांच्या बळावर भरून निघणारी नाही.

म्हणूनच कोणती विचारधारा श्रेष्ठ, या प्रश्नापेक्षा कोणाला केव्हा कशाची गरज आहे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. आजार तीव्र असेल तर औषध हवे, चुकीची समजूत घट्ट रुतली असेल तर विवेकाची कसोटी हवी आणि हालचालच थांबली असेल तर पहिल्या पावलाला आधार हवा. मात्र यांपैकी काहीही स्वीकारण्यापूर्वी, समोरचा आपल्याला दोष न देता ऐकतो आहे, याची खात्री रुग्णाला पटावी लागते. मानवतावादी दृष्टिकोनाचे हे देणे घराघरांतही उपयोगी पडणारे आहे. नापास होऊन परतलेल्या मुलाला ‘अभ्यास का केला नाहीस?’ असे विचारण्याआधी ‘तुला काय वाटते आहे?’ असे विचारता येते. उदासी ओसरत नसेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर विलंब न करता डॉक्टरांकडे जावे. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही विनामूल्य सेवाही अहोरात्र उपलब्ध आहे.