पेलिती आणि कलकत्त्याचा नाताळ

उत्तर इटलीतील पिएमाँत प्रांतात जेवणापूर्वीच्या पदार्थांना मोठा मान आहे. हिवाळ्यात तेथे ऑलिव्हच्या तेलात लसूण व खारवलेले लहान मासे मंद आचेवर शिजवून ‘बान्या काउदा’ करतात. हे ऊन ऊन भांडे मध्ये ठेवून सारे कुटुंब त्यात भाज्यांचे तुकडे बुडवून खाते. नाताळच्या आदल्या रात्री मांस वर्ज्य. तेव्हा माशांचेच पदार्थ होतात.

याच प्रांतातील कारिन्यानो गावचा फेदेरिको पेलिती १८६९ साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांचा मिठाई-कारागीर म्हणून कलकत्त्यास आला. तो शिकला होता शिल्पकला. ती साखरेच्या कामी आली म्हणावयाची! १८७२ साली मेयो यांचा अंदमानात खून झाला, परंतु पेलिती भारतातच राहिला. कलकत्ता व सिमला येथील त्याची उपाहारगृहे नावाजली. त्याचे गिऱ्हाईक मुख्यतः गोरे साहेब. त्यामुळे नाव झाले ते केक व मिठाईमुळे, घरच्या बान्या काउदामुळे नव्हे.

शहरानेही पुढे नाताळचा म्हणून आपलासा केला तो केकच. १९०२ साली एका बगदादी ज्यू गृहस्थाने सुरू केलेले नाहूम हे न्यू मार्केटमधील दुकान. ‘बडोदिना’च्या सुमारास मनुका घातलेल्या केकसाठी तेथे हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सारेच रांगेत उभे असतात.